झाडावर चढायच्या दोराला स्प्लाइस: शिकायला सुरुवात कुठून करू?

शेंडेफळ

मंडळी, दोरावर लोंबकळत फांद्या छाटायचं काम करतो. आजवर टोकाला गाठ मारूनच कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवत आलोय. गाठीच्या मजबुतीबद्दल तक्रार नाही, तिच्या जाडीबद्दल आहे. फांद्यांच्या गर्दीतून दोर ओढून घेताना ती हमखास कुठल्यातरी बेचक्यात रुतून बसते. कमरेपाशी कॅराबिनर, प्रुसिक (दोराला आवळून धरणारी छोट्या दोरीची गाठ) आणि ही गाठ यांची एवढी दाटी होते की हात घालायला जागा उरत नाही. सोबतच्या एकाच्या दोराला स्प्लाइस केलेला, म्हणजे गाठ न मारता टोक दोरातच ओवून केलेला डोळा (फास) आहे, तो दोर सुळकन निघतो.

माझ्याकडे तीन प्रकारचे दोर आहेत. चढायचा १२ मिमी पॉलिस्टरचा सोळा पेडी, ओंडके खाली सोडायचा जाड दुहेरी विणीचा (आत विणलेला गाभा, वर विणलेलं आवरण) आणि स्लिंग (खोडाला किंवा ओंडक्याला गुंडाळायचा डोळ्याचा दोर) करायला म्हणून घेतलेला पोकळ बारा पेडी. प्रश्न तीन:

१) आधी कोणत्या दोरावर हात बसवू?
२) हत्यारं काय काय लागतात?
३) स्वतः केलेल्या स्प्लाइसवर स्वतः लटकावं का?

व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण प्रत्येकाची मापं वेगळी आणि कारण कोणीच सांगत नाही.

खोडकर

तिसऱ्या प्रश्नावर आता मारामारी होणार. मी खुर्ची टाकून बसतो.

निरगाठ

मापं वेगळी असण्याचं कारण साधं आहे. स्प्लाइस दोराच्या बांधणीप्रमाणे बदलते, आणि एकाच बांधणीत धागा बदलला तरी माप बदलतं. तुमच्याकडचे तिन्ही दोर तीन वेगळ्या पद्धतींनी करावे लागतात. एकाची मापं दुसऱ्याला लावलीत तर दिसायला छान आणि आतून पोकळ असं काहीतरी तयार होईल.

तुमच्या यादीत नसलेला दोर आधी आणा: पिळाचा तीन पेडी. त्यात सगळं डोळ्यांसमोर घडतं. टोकाचे तिन्ही पेड उकलायचे, डोळा वळवायचा आणि मुख्य दोराच्या पिळाविरुद्ध एक पेड वरून, एक खालून असं ओवत जायचं. पहिली फेरी जमली की बाकीचं आपोआप होतं. पहिल्या फेरीत मधला पेड आधी, मग डावा, मग दोर उलटा करून तिसरा. तिन्ही पेड तीन वेगवेगळ्या फटींतून, एकाच पातळीवर बाहेर आले पाहिजेत. एका फटीतून दोन निघाले तर उकला, पुढे जाऊ नका. काथ्या किंवा मनिलासारख्या खरखरीत दोराला तीन पूर्ण फेऱ्या पुरतात. नायलॉन आणि पॉलिस्टर गुळगुळीत, म्हणून त्यांना चार-पाच, आणि त्यानंतर पेड बारीक करत आणखी एक-दोन.

त्यानंतर पोकळ बारा पेडी. मग दुहेरी विणीचा. सोळा पेडी सगळ्यात शेवटी. म्हणजे ज्यासाठी तुम्ही शिकायला निघालात तो दोर रांगेत शेवटचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आता कारण. पोकळ विणीच्या दोरात टोक, आपण त्याला शेपटी म्हणू, डोळा करून परत दोराच्याच पोटात ओवतात. वर भार आला की बाहेरची वीण लांबते आणि आवळते, आणि आतल्या शेपटीला चिमटीत धरते. जितका भार जास्त तितकी पकड जास्त. पकड शेपटीच्या संपूर्ण लांबीवर मिळते, म्हणून आत किती लांब गेली यावर सगळं ठरतं. धागा निसरडा असेल तर लांबी वाढवावी लागते. डायनिमासारख्या पॉलिएथिलिनच्या दोराला साधारण व्यासाच्या ७२ पट शेपटी आत घालतात, म्हणजे १० मिमी दोराला ७२ सेंमी. पॉलिस्टरला इतकी लागत नाही. तुमच्या दोराच्या उत्पादकाचा तक्ता काढा आणि तो सांगेल तेच माप घ्या.

खोडकर

पायजम्यात नाडी ओवता येत असेल तर अर्धं काम झालं, असंच ना?

निरगाठ

अर्धं नाही, पण हाताची हालचाल तीच. पुढचं आवरण गोळा करायचं, आतलं पुढे ढकलायचं, मागचं सरळ करायचं.

रानवाट

मी झाडावर चढत नाही, शिडाच्या होड्यांचं दोरकाम करते. पण दोर दोरच. निरगाठ यांनी लांबीचं सांगितलं, त्यात शेपटी निमुळती करण्याचं घालते, कारण नवशिके तिथेच कंटाळा करतात.

शेपटी आत गेली की तेवढा दोर जाड होतो. शेपटी जिथे संपते तिथे तो एकदम बारीक होतो. शेपटी तशीच बोथट कापलेली असेल तर त्या पायरीवर बाहेरच्या प्रत्येक पेडाला अचानक मोड पडतो, आणि दोर तुटलाच तर तिथेच तुटतो. म्हणून शेपटीतले पेड टप्प्याटप्प्याने काढून टाकतात. बारा पेडीत थोड्या थोड्या अंतरावर एक-एक जोडी काढत शेवटाला सहाच पेड उरवायचे आणि टोक तिरकं कापायचं. जोडी म्हणजे एक उजवीकडे फिरणारा आणि एक डावीकडे फिरणारा. एकाच बाजूचे काढले तर शेपटी पिळवटते. काम झाल्यावर बोटं फिरवून बघा, जाडी कुठे संपली ते चटकन कळता कामा नये.

आणि टोक जाळून गोळी करू नका. बाहेर राहणाऱ्या टोकाला ते ठीक, आत जाणाऱ्याला नाही. ती कडक गोळी आतून धागे कापत राहते. चिकटपट्टीचंही तेच. ओवताना टोकाला पट्टी हवीच, पण शेपटी शेवटची आत ओढण्याआधी ती काढायची. दुसऱ्यांच्या स्प्लाइस उकलल्या की आत पट्टीची गुंडाळी सापडते, इतक्यांदा सापडते की आता मी त्यावर बोलणंही सोडलंय.

शेंडेफळ

निरगाठदादा, रानवाटताई, आभार. व्हिडिओत हे कुणीच बोललं नव्हतं. ब्रमेल म्हणून एक प्रकार दिसतो, दोर दोरातून आरपार काढतात तो. तो केला तर शेपटी इतकी लांब ठेवायची गरज नाही ना?

रानवाट

गरज आहे! पूर्ण लांबी ठेवायचीच. ब्रमेलच्या जागी दोर स्वतःच्या विणीतून जातो, तिथे पेड वाकलेले आणि ताणलेले असतात. भार त्याच्यावर सोडलात तर दोराची बरीच ताकद गेली म्हणून समजा. भार घेते ती शेपटी. ब्रमेल फक्त दोर सैल असताना शेपटी निसटू देत नाही. दोराची दोन्ही टोकं मोकळी असतील तर तो सरळ जमतो, हे टोक त्यातून आणि ते टोक यातून. एकच टोक हाताशी असेल तर दोर उलटा करून काढायची युक्ती आहे, पण ती वाचून कळत नाही. हातात दोर घेऊन करा.

दुहेरी_विचार

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही, म्हणून मी देतो. नाही. स्वतः केलेल्या स्प्लाइसवर लटकू नका.

स्प्लाइस न तोडता तपासता येत नाही. गाठ बाहेरून दिसते, जोडीदार खालून बघून सांगू शकतो की चुकली आहे. स्प्लाइसमध्ये चूक असेल तर ती आत असते. युरोपात चढायच्या दोरासाठी ईएन १८९१ मानक आहे. त्यातल्या ए प्रकारच्या दोराने २२ किलोन्यूटन आणि शेवट केलेल्या टोकासकट १५ किलोन्यूटन तीन मिनिटं धरावे लागतात. कारखान्यात शिवलेला किंवा स्प्लाइस केलेला डोळा ही परीक्षा देऊन आलेला असतो. तुमचा घरचा डोळा कोणती परीक्षा देऊन आला? शिवलेले डोळे तयार मिळतात, ते घ्या. शिकायची हौस असेल तर स्लिंग करा, ओंडक्यांचे दोर करा.

निरगाठ

अर्धं मान्य. नवशिक्याने पहिला डोळा कमरेला लावू नये, यात वादच नाही. पण "कधीच नाही" यामागचं कारण पटत नाही. चढणाऱ्यांत अनेक जण वर्षानुवर्षं स्वतःच्या स्प्लाइसवर काम करत आहेत. अमेरिकेचं झाडकामाचं मानक, एएनएसआय झेड१३३, स्प्लाइसला मनाई करत नाही. उत्पादकाच्या पद्धतीप्रमाणे करा, एवढी त्याची अट आहे. म्हणून मी सारखा उत्पादकाचा तक्ता म्हणतोय. "मला असं सुचलं" याला इथे जागा नाही.

आणि २२ किलोन्यूटनचा आकडा ऐकून लोकांचं लक्ष चुकीच्या ठिकाणी जातं. झेड१३३ चढायच्या नव्या दोराला किमान ५४०० पौंड म्हणजे सुमारे २४ किलोन्यूटन मागतं. शांतपणे लटकलेल्या माणसाचा भार त्याच्या हत्यारांसकट साधारण एक किलोन्यूटन. बरी गाठसुद्धा दोराची पाव ते निम्मी ताकद खाते, तरी उरलेली पुष्कळ असते. नीट घातलेल्या स्प्लाइसमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद राहते. म्हणजे ताकदीवरून कोणी मरत नाही. माणूस मरेल तो स्प्लाइस हळूहळू बाहेर सरकल्याने.

वर म्हटलं की भार आला की पकड येते. आता आपलं काम आठवा. ओंडका सोडताना दोरावर दणकून भार येतो आणि स्प्लाइस आवळून बसते. चढणाऱ्याचा भार त्या मानाने किरकोळ. तोही सारखा येतो आणि जातो. फांदीवर उभा राहिलास की दोर सैल, बाजूला सरकलास की पुन्हा ताण. सैल असताना डोळा फांद्यांवर आपटतो, घासतो, वाकतो. ह्या हलक्या, तुटक भाराखाली सरकणं सुरू होतं. म्हणून चढायच्या दोराच्या स्प्लाइसला अडकटाके (शेपटी निसटू नये म्हणून घातलेले टाके) घातल्याशिवाय ती पूर्ण झाली असं मी मानत नाही. ओंडक्याच्या दोराला एखादा विसरला तर मी रागावेन. चढायच्या दोराला विसरला तर तो दोर कापून टाकेन.

दुहेरी_विचार

सरकण्याचा मुद्दा बरोबर. पण तो माझ्याच बाजूचा झाला. टाके नीट पडलेत की नाही हे ठरवायला अनुभव लागतो, आणि शेंडेफळ यांच्याकडे तो आज नाही.

निरगाठ

आज नाही. म्हणून आज स्लिंग.

खोडकर

मारामारी झालीच नाही. खुर्ची परत नेतो.

पानगळ

मध्येच विचारते. प्रुसिकसाठी दोन डोळ्यांची छोटी दोरी लागते, ती डायनिमाची करू का? मजबूत आहे आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे स्प्लाइसही सोपी.

रानवाट

अजिबात नको. डायनिमा साधारण १५० अंशांच्या आतच वितळतो, पॉलिस्टर २५० च्या पुढे. प्रुसिक घसरत खाली येताना दोर तापतो. शिवाय डायनिमा निसरडा, पकडच बसायची नाही. त्या कामाच्या दोऱ्या वेगळ्या येतात. बहुतेकांचं आवरण अरामिडचं असतं, ते वितळत नाही. डायनिमा स्लिंगला आणि जिथे घासणं नाही तिथेच.

निरगाठ

+१. आणि त्या छोट्या दोरीबद्दल माझं मत दुहेरी_विचार यांच्यासारखंच आहे: शिवलेली विकत घ्या. दोन्ही डोळ्यांच्या शेपट्या मधल्या वीतभर जागेत आल्या की दोरी ताठ होते, आणि ताठ दोरी खोडाला... चुकलं, दोराला धरत नाही. कसलेल्या हाताचं काम आहे ते.

निरगाठ

हत्यारांचं राहिलंच होतं.

फिड म्हणजे एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला पोकळ नळी. पोकळ टोकात शेपटी खुपसायची, पट्टी लावायची आणि दोरातून ढकलायची. दोराच्या व्यासाप्रमाणे फिडचा आकार बदलतो, आणि माप घ्यायचं एककही तोच. नळीच्या फिडची एक लांबी दोराच्या व्यासाच्या २१ पट धरतात, १२ मिमी दोराला जेमतेम २५ सेंमी. दुहेरी विणीच्या सूचनांत "फिडची एक लांबी", "छोटा भाग" असे शब्द येतात, ते ह्यावरूनच. छोट्या भागाची खूण फिडवरच असते.

तीन पेडीला लाकडी किंवा पन्हळीसारखी स्वीडिश फिड बरी पडते. घट्ट विणीच्या दोराला फिड आत जात नाही, तिथे पातळ तारेचा दुमडलेला फास वापरायचा. उलट बाजूने तार आत घालून शेपटी तिच्यात अडकवून ओढायची. याखेरीज धारदार कात्री, बारीक टोकाचा मार्कर, चिकटपट्टी, दाभण, मेण लावलेला नायलॉनचा दोरा. डायनिमाला साधी कात्री नुसती चावत बसते, तिला वेगळी ठेवा.

आणि एक न हलणारा खांब. ह्याला हत्यार कोणी म्हणत नाही, पण दुहेरी विणीत त्याच्याशिवाय पान हलत नाही.

शेंडेफळ

अहवाल देतो. तीन पेडी जमला. पोकळ बारा पेडीची स्लिंगही झाली, रानवाटताईंनी सांगितल्याप्रमाणे बोट फिरवून जाडी कुठे संपते ते शोधलं आणि चटकन सापडलं नाही. दुहेरी विणीवर मात्र गाडी अडली आहे. गाभा आवरणात, आवरण गाभ्यात, सगळ्या खुणा जुळतात. पण शेवटी आवरण सरकवून सगळं पोटात घेताना चार बोटं बाहेर राहतात. त्यापुढे तसूभर हलत नाही. पाय लावून ओढलं तरी नाही.

निरगाठ

हा ह्या दोराचा सगळ्यात प्रसिद्ध आजार. पाय लावून ओढणं थांबवा. जोराने उपयोग होत नाही, सैलपणा कुठे अडकलाय ते शोधावं लागतं. पुढे विचारतोय ते एकेक तपासा.

सुरुवातीला सरकगाठ कुठे मारलीत? ती डोळ्याच्या खुणेपासून फिडच्या पाच लांबी दूर हवी, १२ मिमीला सव्वा मीटरच्या आसपास. गाभा मागे पळू नये म्हणून ती असते. जवळ मारली असेल तर पुढे ढकलायला आवरणात सैलपणाच उरत नाही.

आवरण कुठून सरकवताय? बहुतेक जण स्प्लाइसपाशी धरून ओढतात. सरकगाठ खांबाला बांधा आणि गाठीपासून सुरू करून डोळ्याकडे, हाताच्या मुठीने आवरण निथळवत आणा. आधी हलक्या हाताने, मग जोर लावत. एका दमात होत नाही. परत गाठीकडे जायचं, पुन्हा आणायचं.

आवरणाची शेपटी निमुळती केलीत का? गाभ्यात जाणारा आवरणाचा भाग पेड काढून बारीक केला नसेल तर जिथे दोन्ही एकमेकांना ओलांडतात तो भाग फुगलेला राहतो. तो तोंडातून आत जाणारच नाही. नव्वद टक्के वेळा हेच असतं.

फुगवटा थोडाच असेल तर तो दोन तळहातांत धरून लाटल्यासारखा फिरवा, मागेपुढे वाकवा. मग लाकडी किंवा रबरी हातोडीने फळीवर ठेवून चहूकडून हलके ठोका. धागे एकमेकांवर बसतात, घेर कमी होतो. त्यानंतर पुन्हा निथळवा.

एवढं करूनही चार बोटं राहिलीच तर उकला आणि खुणा मोजा. चार बोटं बाहेर ठेवून वरून दोरा गुंडाळून दडवलेली स्प्लाइस पाहिली आहे, म्हणून सांगतो.

रानवाट

एक पुरवणी. उघडा गाभा आणि आवरण यांच्या खुणा घेताना दोर सैल असू द्या, पण दोन्हींचा ताण सारखा. एक ताणून आणि दुसरा ढिला ठेवून खुणा केल्या की मापं कागदावर बरोबर आणि दोरात चूक. दुहेरी विणीत भार दोघांनी वाटून घ्यायचा असतो. एक लांब राहिला तर सगळं ओझं दुसऱ्यावर.

शेंडेफळ

आवरणाची शेपटीच होती. सूचनेतल्या "सातव्या जोडीपासून मोजा" चा अर्थ मी टोकाकडून मोजा असा घेतला होता. खुणेकडून टोकाकडे मोजायचं होतं. पेड नीट काढले आणि सगळं गपकन आत गेलं. तो आवाज ऐकण्यासारखा आहे हो.

खोडकर

आता हा माणूस घरातल्या सगळ्या दोऱ्यांना डोळे करणार.

वाळवी

माझा ओंडक्यांचा दोर जुना झालाय, पण धड आहे. टोकाचा डोळा घासला म्हणून कापून नवा करायचाय. जुन्या दोराला स्प्लाइस घालता येते का?

निरगाठ

पोकळ बारा पेडीला बऱ्यापैकी येते. दुहेरी विणीच्या जुन्या दोराला रडवेल. वापराने गाभा आणि आवरण दोन्ही आवळलेले असतात, तेही कमीजास्त. आत धूळ आणि चीक बसलेला असतो. आधी दोर धुवा. मग स्प्लाइस करायचा भाग काही मिनिटं पाण्यात भिजवून ओलाच घ्या, धागे सुटसुटीत होतात. सोळा पेडी जुना असेल तर माझं सरळ उत्तर नाही असं आहे.

पण त्याआधी, दोर धड आहे हे कशावरून म्हणताय? हातातून सरकवत इंच न् इंच बघा. काचेसारखे चकाकणारे कडक डाग म्हणजे घर्षणाने वितळलेलं पॉलिस्टर. एखाद्या जागी दोर बारीक किंवा मऊ लागला तर आत गाभा गेलेला असू शकतो. आवरणातून गाभ्याची पुंगळी बाहेर डोकावत असेल तर विचारूच नका. डोळा घासला तो का घासला हेही बघा. स्लिंगच्या डोळ्यात जाड खांब किंवा ओंडका कोंबला की डोळ्याचे दोन पाय फाकतात आणि स्प्लाइसचं तोंड उसवायला लागतं. डोळ्याची लांबी त्यात जाणाऱ्या वस्तूच्या व्यासाच्या निदान तिप्पट, पाचपट असेल तर उत्तम.

वाळवी

चकाकणारे डाग आहेत. दोन ठिकाणी. टाकतो.

दुहेरी_विचार

कापून टाका, आख्खा टाकू नका. नाहीतर दुसरा कोणी उचलून वापरेल.

पानगळ

मग स्प्लाइस चांगली झाली की नाही हे गाडीला बांधून ओढून बघितलं तर?

दुहेरी_विचार

मोजणारं यंत्र नसेल तर काहीच कळणार नाही. तुटला नाही, एवढंच. किती भार गेला माहीत नाही, आणि आतले किती धागे दुखावले तेही माहीत नाही. आणि तुटला तर डायनिमा असो वा पॉलिस्टर, सुटलेलं टोक ओढीच्या रेषेत उभ्या असलेल्या माणसाला सोडत नाही. ताकद बघायचीच असेल तर त्याच दोराचे, त्याच हाताने केलेले नमुने यंत्रावर तोडून घ्यावेत. तेही फक्त हात कसा आहे ते सांगतात. तोडलेला नमुना परत वापरायला मिळत नाही.

निरगाठ

बरोबर. वापरायच्या दोराला मी एवढंच करतो: जमिनीपासून हातभर उंचीवर लटकून पूर्ण वजन टाकायचं, हलकेच उसळ्या घ्यायच्या, सैल सोडायचं, पुन्हा. त्यातून ताकद कळत नाही, सरकतंय का ते कळतं. त्यासाठी स्प्लाइसच्या तोंडाशी, जिथे शेपटी आत शिरते, बारीक मार्करने दोन्ही भागांवर आडवी रेघ मारून ठेवायची. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून हलले तर शेपटी हलली. शेपटी जिथे संपते तिथे बाहेरून रंगीत दोऱ्याचा एक टाका. पुढे प्रत्येक वेळी वर जाण्याआधी बोट तिथे जातं, जाडी तिथेच संपते ना ते बघतं.

शेंडेफळ

आता शेवटचा प्रश्न. अडकटाके नेमके कसे? काही जण वरून दोरा गुंडाळतात, काही आरपार शिवतात. दोन्ही करायचं का?

रानवाट

दोन्हींची कामं वेगळी. आरपार टाके शेपटी निसटू देत नाहीत. वरची गुंडाळी तोंड उसवू देत नाही.

टाक्यांसाठी मेणाचा नायलॉन दोरा दाभणात ओवा. स्प्लाइसच्या तोंडापासून सुरू करून दोराच्या अंगाला समांतर, आरपार टाके घालत खाली जा. मग त्याच रेषेत मधल्या जागा भरत परत तोंडाशी या. दोर पाव फेरी वळवा आणि तेच दुसऱ्या बाजूने करा. वर येऊन दोऱ्याच्या दोन्ही टोकांची निरगाठ मारून ती दाभणाने विणीच्या आत ढकलून द्या. टाका बसेल एवढाच ओढायचा. आवळून ओढला की वीण तिथे गळा धरल्यासारखी होते आणि भार आला की दोर नीट आवळू शकत नाही. दाभण पेडांच्या मधून जाऊ द्या, पेड फोडून नको.

टाक्यांवर भार येत नाही. भार आल्यावर ते ताणलेले दिसले तर शेपटी सरकतेय, म्हणजे टाके बदलू नका, स्प्लाइस उकला.

निरगाठ

ह्यात मी फक्त एवढंच घालीन की टाक्यांचा दोरा दोराच्या रंगाहून उठून दिसणारा घ्या. झाडाच्या सालीवर घासून टाके आधी झिजतात, ते दिसले पाहिजेत. टाके झिजले आणि रेघा जागेवर असतील तर नुसते टाके नवे घालून चालतं.

आणि डोळ्यापाशी तारीख आणि कोणी केली त्याची आद्याक्षरं लिहिलेली पट्टी लावा, वरून पारदर्शक नळी तापवून बसवा. दोर दोघेतिघे वापरत असाल तर हे कामाला येतं.

शेंडेफळ

पट्टी लावली. ओंडक्यांचा दुहेरी विणीचा दोर आणि दोन स्लिंगा कामात घेतल्यात. चढायच्या दोराला शिवलेला डोळाच मागवलाय. सोळा पेडीचा एक तुकडा सरावासाठी ठेवलाय. त्यात गाभा किती मागे कापायचा?

निरगाठ

सोळा पेडीत बहुतेक भार आवरण घेतं. गाभा मुख्यतः दोर गोल ठेवायला असतो. म्हणून आवरणाची शेपटी आत जाते तेवढ्या लांबीतला गाभा काढावा लागतो. नाहीतर तिला आत जागाच नाही. गाभा जिथे संपतो आणि निमुळती शेपटी जिथे संपते ती दोन टोकं एकमेकांजवळ यायला हवीत. मध्ये पोकळी राहिली तर दोर तिथे चपटा होतो आणि प्रुसिक अडखळतो. एकमेकांवर चढली तर गाठ आल्यासारखं जाड होतं. नेमकं माप दोराप्रमाणे बदलतं. दोराचं नाव आणि व्यास इथे टाका, त्याचा तक्ता उघडूनच बोलू.